दुर्बिणीतून आतड्याच्या कर्करोगाचे ऑपरेशन : खरे काय, ऐकीव काय?



ताप आला, गुडघा दुखला, साखर वाढली, की आपल्या वस्तीत लोक एकमेकांना सांगतात. शौचातून रक्त पडते हे मात्र कोणी सांगत नाही. नवरा बायकोला सांगत नाही, आई मुलाला सांगत नाही. सांगितलेच तर समोरचा म्हणतो, "मूळव्याध असेल, तिखट बंद कर." मग स्टेशनबाहेरच्या 'हमखास इलाज' लिहिलेल्या दवाखान्यात दोन-चार इंजेक्शने होतात, सहा महिने जातात आणि वजन निम्मे झाल्यावर माणूस मोठ्या दवाखान्यात पोहोचतो. तिथे कळते की हा मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग आहे.

त्यानंतर दुसरी भीती सुरू होते. "पोट फाडणार. एकदा पोटाला हात लागला की माणूस उठत नाही. चाकू लागला की कॅन्सर पसरतो." या भीतीने ऑपरेशन टाळून घरी परत आलेली माणसे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. अलीकडे तिसरी गोष्ट ऐकू येते : "आता दुर्बिणीने करतात, कापावे लागत नाही, दोन दिवसांत घरी." यातले काही खरे आहे, काही अर्धवट खरे आणि काही साफ चूक. तथागतांनी कालामांना सांगितले होते की केवळ ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा. त्याच रीतीने हा विषय आपण या पानावर तपासू.

आतडे कुठे असते आणि रोग कसा लागतो

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते. उजव्या जांघेच्या वर ते सुरू होते, बरगड्यांपर्यंत वर जाते, पोटातून आडवे डावीकडे येते आणि डाव्या बाजूने खाली उतरते. शेवटचा सुमारे १५ सेंटिमीटरचा भाग कमरेच्या हाडांच्या आत असतो. त्याला गुदाशय म्हणतात. त्याच्या तोंडाशी गुदद्वार आणि शौच रोखून धरणारे स्नायू असतात. ही रचना लक्षात ठेवा. पुढे ऑपरेशन कसले आणि पोटावर पिशवी लागेल की नाही, हे रोग यातल्या कुठल्या भागात आहे यावर ठरते.

बहुतेक वेळा या कर्करोगाची सुरुवात आतड्याच्या आतल्या अस्तरावर आलेल्या लहान मांसल कोंबापासून होते. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप कर्करोग होत नाहीत. जे होतात त्यांनाही बहुधा कित्येक वर्षे लागतात, अनेकदा दहा वर्षांच्या आसपास. म्हणजे हा रोग आपल्याला वेळ देतो. आपण तो वेळ लाजेत घालवतो.

पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतात हा कर्करोग कमी आढळतो. पण आपल्याकडे तो पुष्कळदा उशिरा सापडतो आणि पन्नाशीच्या आतल्या माणसांनाही झालेला दिसतो. म्हणून "इतक्या तरुणपणी कॅन्सर कसा होईल?" असे म्हणून विषय सोडू नका.

कोणती लक्षणे दिसली तर थांबायचे नाही

- शौचातून रक्त किंवा चिकट आव पडणे, विशेषतः रक्त शौचात मिसळलेले असणे.
- शौचाची सवय बदलणे. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, आणि हे तीन-चार आठवडे चालणे.
- शौचाला जाऊन आल्यावरही पोट साफ झाले नाही असे सतत वाटणे.
- पोट फुगणे, कळा येणे, कारण नसताना वजन उतरणे.
- अंगातले रक्त कमी होणे. रोग उजव्या बाजूच्या आतड्यात असला तर डोळ्यांना दिसेल असे रक्त पडतही नाही. ते थोडे थोडे झिरपते आणि माणूस फिका पडत जातो, चढ चढताना धापा टाकतो.

शेवटच्या मुद्द्यावर आमच्या भगिनींनी लक्ष द्यावे. बाईचे रक्त कमी आले की "पाळीमुळे असेल" म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवतात. पाळी बंद झालेल्या बाईचे किंवा कोणत्याही पुरुषाचे रक्त कमी असेल, तर ते जाते कुठे याचा शोध घ्यायलाच हवा.

आणखी एक अडचण आपल्याच वस्तीची आहे. सार्वजनिक संडासात उजेड नसतो, बाहेर रांग असते, दार धड लागत नाही. आपण काय पडले ते न पाहताच डबा ओतून बाहेर येतो. त्यामुळे रक्त महिनोन् महिने लक्षात येत नाही. महिन्यातून एखादा दिवस तरी मोबाईलची बॅटरी लावून पाहा. ऐकायला विचित्र वाटेल, पण ही फुकटची तपासणी आहे.

दुसरी स्वस्त तपासणी डॉक्टरच्या बोटाची. हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने तपासले तर खालच्या भागातल्या पुष्कळ गाठी हाताला लागतात. एक मिनिट लागते. डॉक्टर ही तपासणी न करताच मूळव्याधीचे औषध लिहीत असेल, तर "साहेब, बोटाने तपासून बघता का?" असे आपणच विचारावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

पुढची तपासणी कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून बारीक लवचिक दुर्बीण घालून सगळे मोठे आतडे आतून पाहणे. संशय आला तर तिथलाच छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो हा गैरसमज आहे. तुकड्याचा अहवाल आल्याशिवाय कर्करोगाचे नियोजन होत नाही. त्यानंतर रोग कुठवर गेला हे पाहायला सीटी स्कॅन, गुदाशयाचा रोग असेल तर कमरेचा एमआरआय आणि सीईए नावाची रक्ताची तपासणी करतात.

ऑपरेशनमध्ये नेमके काय काढतात

पोट उघडून करा किंवा दुर्बिणीतून करा, आतले काम एकच असते. गाठ असलेला आतड्याचा भाग दोन्ही बाजूंना पुरेशी निरोगी जागा धरून काढायचा. त्याबरोबर त्या भागाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आणि भोवतालच्या लसिका ग्रंथी काढायच्या. रोग आधी याच ग्रंथींत उतरतो. म्हणून निदान १२ ग्रंथी काढून तपासाव्यात असा जगभरचा दंडक आहे. मग आतड्याची उरलेली दोन टोके एकमेकांना जोडायची. दीड मीटरमधला फूटभर भाग गेला तरी माणूस नीट जेवतो, नीट जगतो.

आतड्याच्या आजारासाठी पोट उघडण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. आतड्यांना पीळ पडलेल्या वाराणसीच्या एका श्रेष्ठीपुत्राचे पोट उघडून वैद्य जीवकाने ती गुंतागुंत सोडवली आणि पोट पुन्हा शिवले, अशी कथा विनयपिटकात आहे. भूल देण्याची आजची सोय तेव्हा नव्हती, रोग्याला खांबाला बांधून हे केले असे ती कथा सांगते. आज भूल आहे, जंतू मारण्याची साधने आहेत आणि आता दुर्बीणही आहे.

दुर्बिणीतून म्हणजे कसे

उघड्या ऑपरेशनमध्ये पोटावर मधोमध लांब छेद घेतात, बेंबीच्या वरपासून खालपर्यंत. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये संपूर्ण भूल देऊन बेंबीजवळ एक छोटे छिद्र पाडतात. त्यातून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. सोड्याच्या बाटलीत असतो तोच हा वायू. त्यामुळे पोट तंबूसारखे वर उचलले जाते आणि आत काम करायला जागा होते. मग पेनाएवढ्या जाडीची दुर्बीण आत जाते. तिच्या टोकाला प्रखर उजेड असतो आणि आतले चित्र मोठे होऊन पडद्यावर दिसते. आणखी तीन-चार छिद्रांतून, प्रत्येक साधारण अर्धा ते सव्वा सेंटिमीटरचे, लांब दांड्याचे चिमटे, कात्री आणि रक्त थांबवणारी उपकरणे आत जातात. सर्जन पडद्याकडे पाहत काम करतो.

आतडे मोकळे झाले की ते बाहेर काढावे लागते. ते अर्ध्या सेंटिमीटरच्या छिद्रातून निघणार नाही. म्हणून शेवटी चार ते सात सेंटिमीटरचा एक छेद घ्यावाच लागतो. त्या छेदाच्या कडांना प्लास्टिकचे आवरण लावतात, म्हणजे गाठीचा स्पर्श जखमेला होत नाही. मग टोके स्टेपलरने किंवा टाक्यांनी जोडतात. तेव्हा "कापावे लागत नाही" हे खरे नाही. कमी कापावे लागते, एवढेच खरे.

आत केलेले काम मात्र तेवढेच मोठे असते. बाहेरचे टाके लहान दिसले म्हणून "किरकोळ ऑपरेशन झाले" असे समजून चौथ्या दिवशी पाण्याचा हंडा उचलायला लावू नका.

कर्करोग पूर्ण निघतो का? पसरतो का?

हा प्रश्न सर्जन मंडळींनाही पडला होता. दुर्बिणीतून मोठे आतडे काढल्याचे पहिले अहवाल १९९१ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या वर्षांत काही रुग्णांच्या छिद्रांच्या जागीच कर्करोग परत आल्याचे दिसले आणि सगळीकडे शंका उभी राहिली. मग मोठ्या चाचण्या झाल्या. त्यात रुग्णांचे दोन गट पाडले. कोणाचे पोट उघडायचे आणि कोणाला दुर्बीण लावायची हे सर्जनच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी काढल्यासारखे ठरवले, आणि मग काही वर्षे दोन्ही गटांवर लक्ष ठेवले.

अमेरिका आणि कॅनडातल्या ४८ संस्थांनी मिळून ८७२ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. तीन वर्षांत रोग परत येण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १०० पैकी १६ आणि उघड्या ऑपरेशनच्या गटात १८ होते. तीन वर्षांनी जिवंत असलेले अनुक्रमे ८६ आणि ८५. जखमेच्या जागी रोग परत येण्याचे प्रमाण दोन्हीकडे १०० पैकी एकाहूनही कमी. म्हणजे मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दोन्ही पद्धती रोग काढण्यात सारख्याच ठरल्या. युरोपातल्या चाचण्यांतूनही असेच दिसले. "चाकू लागला की पसरतो" या समजुतीचेही उत्तर यात आहे. वेळेवर आणि नीट केलेले ऑपरेशन हाच या रोगाचा मुख्य इलाज आहे.

मग दुर्बिणीचा फायदा काय? दुखणे कमी, रक्त कमी जाते, जखम पिकण्याचे प्रमाण कमी, आतड्याची हालचाल लवकर सुरू होते आणि दवाखान्यातला मुक्काम एक-दोन दिवसांनी घटतो. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात प्रत्येक दिवसाला किंमत असते. शिवाय माणूस लवकर सावरला तर पुढची केमोथेरपी वेळेवर सुरू करता येते. तोटे म्हणजे ऑपरेशनला वेळ जास्त लागतो, उपकरणे महाग असतात आणि सर्जनला त्याचा विशेष सराव असावा लागतो.

गुदाशयाचा रोग : इथे जास्त सावध राहायचे

गुदाशय कमरेच्या हाडांच्या अरुंद पोकळीत असतो. भोवती लघवीच्या पिशवीच्या आणि लैंगिक क्रियेच्या नसा असतात. तिथे गाठीभोवतीचे चरबीचे आवरण अखंड ठेवून काढणे फार महत्त्वाचे. ही पद्धत इंग्लंडचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडली आणि त्यानंतर त्या जागी रोग परत येण्याचे प्रमाण बरेच खाली आले.

हेच काम दुर्बिणीतून होते का? युरोपातल्या प्रमुख चाचणीत १,०४४ रुग्ण होते. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत तीन वर्षांनी त्या भागात रोग परत येण्याचे प्रमाण दोन्ही गटांत १०० पैकी ५ होते. पण त्याच वर्षी अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाकडच्या दोन चाचण्यांना, काढलेला भाग तपासला असता, दुर्बीण उघड्या ऑपरेशनइतकीच चांगली आहे असे सिद्ध करता आले नाही. म्हणून गुदाशयाच्या बाबतीत सर्जनचा हात किती सरावलेला आहे हे दुर्बिणीपेक्षा मोठे. पुष्कळ रुग्णांना आधी रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'लाईट देणे' किंवा 'शेक' म्हणतात ते, आणि केमो देऊन गाठ लहान करतात व मग ऑपरेशन करतात. "महिनाभर लाईटच देतायत, कापत का नाहीत?" म्हणून अर्ध्यातून पळून जाऊ नका.

रोबोटच्या ऑपरेशनच्या जाहिराती आता शहरात दिसतात. रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही, बाजूला बसलेला सर्जन त्याचे हात चालवतो. गुदाशयाच्या ४७१ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, अर्ध्यावर पोट उघडावे लागण्याच्या बाबतीत रोबोट साध्या दुर्बिणीपेक्षा सरस आहे असे सिद्ध झाले नाही. खर्च मात्र जास्त येतो. तेव्हा रोबोटसाठी घर किंवा दागिने गहाण टाकू नका.

आणि रोग अगदी सुरुवातीचा असेल, नुसता पॉलिप किंवा वरच्या थरातली गाठ असेल, तर कोलोनोस्कोपीतूनच ती काढता येते. पोटावर एकही टाका पडत नाही. लवकर गेलेल्याला मिळणारा सगळ्यात मोठा लाभ हाच.

मध्येच पोट उघडावे लागले तर

वर सांगितलेल्या अमेरिकी चाचणीत दुर्बिणीने सुरू केलेल्या १०० पैकी २१ ऑपरेशनमध्ये मध्येच पोट उघडावे लागले. आतडी चिकटलेली असतात, गाठ शेजारच्या अवयवात घुसलेली असते किंवा रक्तस्राव होतो. अशा वेळी पोट उघडणारा सर्जन रुग्णाचा जीव जपत असतो. संमतीपत्रावर ही शक्यता लिहिलेली असते. ती आधीच समजून घ्या, म्हणजे बाहेर आल्यावर "आम्हाला फसवले" असे वाटणार नाही.

आतडे पूर्ण बंद होऊन पोट फुगलेले असेल, आतडे फुटलेले असेल, गाठ फार मोठी असेल, हृदय किंवा फुप्फुसे पोटातल्या वायूचा दाब सहन करणार नसतील, तर डॉक्टर सुरुवातीपासूनच उघडे ऑपरेशन सुचवतात. "गरीब म्हणून आमचे पोट फाडले" असा ग्रह करून घेण्याआधी कारण विचारा. कारण सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि ते जाणून घेणे हा आपला हक्क आहे.

पोटावरची पिशवी

या शब्दालाच लोक सर्वात जास्त भितात. गुदाशयात खाली जोड दिला असेल तर तो भरून येईपर्यंत शौच दुसऱ्या वाटेने काढून द्यावे लागते. त्यासाठी आतड्याचा एक भाग पोटावर आणून त्यावर पिशवी चिकटवतात. बऱ्याच जणांची ही सोय तात्पुरती असते. काही महिन्यांनी, केमो असेल तर ती संपल्यावर, छोट्या ऑपरेशनने ती बंद करतात. रोग शौच रोखणाऱ्या स्नायूंपर्यंत गेला असेल तर मात्र पिशवी कायमची राहते. दुर्बीण असो वा उघडे ऑपरेशन, हा नियम बदलत नाही.

पोटावर दिसणारा तो लालसर भाग हात लावल्याने दुखत नाही. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करायची, भोवतालची कातडी कोमट पाण्याने धुऊन कोरडी करायची, तेलकट काही लावायचे नाही. शौच पातळ येत असेल तर पाणी आणि मिठाचे प्रमाण सांभाळायचे. दवाखान्यात यासाठी शिकवणारी नर्स असते. घरी जाण्यापूर्वी रुग्णाने आणि घरातल्या एकाने तरी स्वतःच्या हाताने पिशवी बदलून दाखवल्याशिवाय सुट्टी घेऊ नये.

दहा बाय दहाच्या खोलीत, घरात संडास नसताना, हे सोपे नाही. म्हणून घरातच पडदा लावून एक कोपरा, झाकणाची बादली, साबण आणि कागदी पिशव्या एवढी सोय ऑपरेशनआधी करून ठेवा. पिशवी असलेला माणूस कामावर जाऊ शकतो, प्रवास करू शकतो, विहारात वंदनेला बसू शकतो. त्याच्यापासून लांब बसणे, त्याचे ताट वेगळे करणे हे आपण करायचे नाही. विटाळ कशाला म्हणतात ते आपल्या बापजाद्यांनी सोसले आहे. आपल्याच माणसाला आपण तो पुन्हा लावायचा का? पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडून राहिलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने आपल्या हातांनी धुतले आणि दुर्लक्ष करणाऱ्या इतर भिक्खूंना रुग्णसेवेचा नियम घालून दिला, हे विनयपिटकात नोंदलेले आहे. आपल्यापुढे हा आदर्श आहे.

ऑपरेशनआधी आणि नंतर

आधी : तंबाखू, गुटखा, विडी आणि दारू पूर्ण बंद. रक्त कमी असेल तर ते भरून घ्यायचे. तीन चेंडूंचे फुंकण्याचे यंत्र दिले असेल तर रोज करायचे, त्याने फुप्फुसे मोकळी राहतात. साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगायचे.

नंतर : दुसऱ्या दिवसापासून चालायला लावतात. चालल्याने आतडे सुरू होते आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत. "विश्रांती घेऊ दे" म्हणून नातेवाइकांनी आडकाठी करू नये. खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या वायूमुळे, आणि दोन-तीन दिवसांत थांबतो. निदान चार ते सहा आठवडे जड उचलायचे नाही.

घरी आल्यावर ताप, वाढती पोटदुखी, पोट फुगणे, उलट्या, जखमेतून पू किंवा शौचासारखा स्राव यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी त्याच दवाखान्यात परत जा. आतला जोड गळत असण्याची ती खूण असू शकते आणि त्यात तासांना महत्त्व असते. गल्लीतल्या इंजेक्शनवर रात्र काढू नका. गुदाशयाच्या ऑपरेशननंतर लघवीच्या किंवा पती-पत्नी संबंधांच्या तक्रारी होऊ शकतात. त्याही डॉक्टरांना मोकळेपणी सांगा, उपाय असतात.

काढलेल्या भागाचा अहवाल हा पुढच्या उपचाराचा आधार. ग्रंथींत रोग सापडला तर बहुधा तीन ते सहा महिने केमो लागते. छेद लहान होता म्हणून केमो टळत नाही. त्यानंतर पाच वर्षे तपासण्या चालू ठेवायच्या. आणि रुग्णाची भावंडे व मुले यांनीही डॉक्टरांना विचारून वेळेवर कोलोनोस्कोपी करून घ्यावी. साधारण नियम असा की चाळिशीला, किंवा रुग्णाला ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांतले जे लवकर येईल तेव्हा.

पैशाचे काय

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. कर्करोगाची ऑपरेशने, केमो आणि रेडिएशन तिच्यात येतात. रेशन कार्ड आणि आधार कार्डावरचे नाव-वय जुळते का हे आजच बघून ठेवा, आजारपणात धावपळ होते. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. त्याला विचारा : माझे ऑपरेशन पॅकेजमध्ये आहे का? दुर्बीण आणि स्टेपलर धरले आहेत का? वरून काही भरावे लागेल का? योजनेची मदतवाहिनी १५५३८८ आहे. मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो, त्यांनी आपले कार्ड वापरावे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याच्या आराखड्याचे काम झाले आणि १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. ते कार्ड म्हणजे आपला हक्क आहे.

परळचे टाटा मेमोरियल १९४१ पासून कर्करोगाचे काम करते. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायलाही हरकत नाही, मात्र त्यात दोन महिने घालवू नका.

डॉक्टरांना विचारायचे सात प्रश्न

१. रोग आतड्याच्या कोणत्या भागात आणि कोणत्या टप्प्यात आहे?
२. दुर्बिणीतून होईल का? नसेल तर का?
३. अशी किती ऑपरेशने आपण केली आहेत?
४. आधी केमो किंवा रेडिएशन लागेल का?
५. पिशवी लागेल का? तात्पुरती की कायमची?
६. किती दिवस मुक्काम आणि कामावर कधी?
७. एकूण खर्च किती आणि योजनेत किती?

हे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला सोबत न्या. सगळे अहवाल एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावा.

शेवटी एक कडू गोष्ट. बावीस प्रतिज्ञा म्हटलेल्या घरांतही मोठे आजारपण आले की कोणीतरी अंगारा आणतो, कोणीतरी बाबाकडे नेतो. त्यात गेलेले तीन महिने या रोगात परत मिळत नाहीत. आमची विनंती आहे की येत्या रविवारी वंदनेनंतर महिला मंडळाने आणि तरुणांनी हे पान विहारात मोठ्याने वाचावे, आणि वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा : गेल्या महिन्यात कोणाला रक्त पडले का? सगळ्यांसमोर हात वर करायची गरज नाही. बाहेर पडताना कानात सांगितले तरी चालेल. त्या माणसाला सोमवारी दवाखान्यात कोण घेऊन जाणार, एवढे तिथेच ठरवा.

जयभीम! नमो बुद्धाय!